बाळाचे पहिले वर्ष आणि आपले रोस्टर

मध्यंतरी एका शाखेची द्वारसभा होती. विषय नेहमीचेच होते: रिक्त पदे, रात्रपाळीचा भत्ता, क्वार्टरांची दुरुस्ती, पेन्शन. भाषणे झाली, घोषणा झाल्या आणि शेवटी अध्यक्षांनी कोणाला काही विचारायचे आहे काय, असे विचारले. मागच्या रांगेतून एक तरुण सहायक लोको पायलट उभा राहिला. मुलगा विदर्भातला, नोकरी मात्र परप्रांतातील विभागात. तो म्हणाला, “साथी, प्रश्न लहान आहे, पण विचारतो. माझी मुलगी आठ महिन्यांची झाली. मी ड्यूटीवरून घरी आलो की ती मला बघून रडते, आईच्या खांद्यात तोंड लपवते. शेजारचे काका आले तर हसते. बापाला पंधरा दिवसांची रजा असते म्हणतात. माझी कुठे गेली?”

सभेत हशा पिकला. “बाळंतपण तुझे होते की बायकोचे?” असे कोणीतरी ओरडले. पुन्हा हशा. तो तरुण ओशाळून खाली बसला, अध्यक्षांनी आभार मानले आणि मंडळी पांगली.

साथींनो, त्या सभेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता आणि आपण तो हसण्यावारी नेला. रिक्त पदांवर दोन तास बोललो. पण त्या रिक्त पदांची झळ घरातल्या पाळण्यापर्यंत कशी पोहोचते हे एका पोराने दोन वाक्यांत सांगितले, तेव्हा ते आपल्या कानात शिरले नाही. म्हणून या वेळी या पानांवर तान्ह्या मुलांविषयी लिहीत आहोत. विषय घरचा वाटेल, पण तो कामगार चळवळीचाच आहे.

पहिल्या वर्षाचा हिशोब

मूल जन्माला आले की घरात एक नवे रोस्टर लागते आणि त्यात साप्ताहिक सुट्टी नसते. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पिते. ते पुष्कळ झोपते हे खरे, पण तुकड्यातुकड्यांनी. आईला सलग तीन तासांची झोप मिळाली तरी तो दिवस चांगला म्हणायचा. दुपटी, लंगोट, झबली यांचा ढीग वाळत नाही तोच दुसरा भिजतो. पावसाळा असेल आणि क्वार्टरचे छत गळत असेल तर विचारायलाच नको. पाचवी, बारसे, सव्वा महिना, उष्टावण, जावळ या आपल्या रीतीभातींच्या मधल्या दिवसांत खरे काम असते आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने या तीन वेळांना लस टोचावी लागते आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची. लस दिली की पुष्कळदा बाळाला रात्री ताप येतो, ते किरकिरते, मांडीवरून खाली उतरत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते पालथे पडू लागते, म्हणजे पलंगावर एकटे ठेवण्याची सोय संपली. सहाव्या महिन्यापर्यंत केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे. सहा महिने पुरे झाले की भाताची पेज, मुगाचे वरण, नाचणीची खीर, मऊ केळे असे वरचे अन्न सुरू होते आणि एक वाटी संपवायला पाऊण तास लागतो. पुढे दात, रांगणे, उंबरा ओलांडणे, सापडेल ती वस्तू तोंडात घालणे. वर्ष भरते तेव्हा जन्माच्या वेळचे वजन साधारण तिप्पट झालेले असते आणि घरातली मोठी माणसे थकलेली असतात.

आजीच्या हातची तेलमालिश आणि अंगाई या वर्षाचे सुख आहे, तिला पर्याय नाही. फक्त वर्षाच्या आत मध चाटवू नये आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देऊ नये, असे डॉक्टर सांगतात ते ऐकावे. आजीचा मान राखूनही ते सांगता येते. बापाने सांगितले तर आजी अधिक ऐकते, हाही पुष्कळांचा अनुभव आहे.

सात-आठ महिन्यांचे मूल ओळखीचे आणि अनोळखी चेहरे वेगळे करू लागते. रोज ज्याच्या हातून खाते, ज्याच्या खांद्यावर झोपते, तो आपला. बाकीच्यांना बघून ते रडते. ही वाढीची खूण आहे, आजार नव्हे. त्या तरुण साथीची मुलगी शहाणीच आहे. जो चेहरा तिला सलग दोन दिवस दिसत नाही त्याला ती अजून आपला मानत नाही. दोष तिचा नाही आणि तिच्या बापाचाही नाही.

बापाचे पंधरा दिवस

पाचव्या वेतन आयोगानंतर १९९७ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळाली. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या कर्मचाऱ्याला ती मिळते. प्रसूतीपूर्वी पंधरा दिवसांपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही आणि दुसऱ्या रजेला जोडून घेता येते. नियमात आणखी एक वाक्य आहे, ते प्रत्येक शाखेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे असे आहे: ही रजा सामान्यतः कोणत्याही परिस्थितीत नाकारू नये.

पण नियमाची दुसरी बाजूही आहे. सहा महिन्यांत घेतली नाही तर ही रजा बुडते. त्या तरुणाच्या बाबतीत नेमके हेच झाले. मुलगी झाली तेव्हा त्याने अर्ज केला. “सध्या माणूस नाही, पुढच्या महिन्यात बघू,” असे उत्तर मिळाले. पुढच्या महिन्यात उन्हाळी जादा गाड्या आल्या. त्यापुढच्या महिन्यात लॉबीतले दोघे आजारी पडले. कोणी लेखी नकार दिला नाही, त्यामुळे दाद मागायला कागदही उरला नाही. सहा महिने उलटले आणि रजा आपोआप संपली. नाकारायची नाही, फक्त पुढे ढकलत राहायचे, अशी ही युक्ती आहे. तिला कायद्याच्या भाषेत नाव नाही, पण प्रत्येक डेपोत आणि प्रत्येक विभागीय कार्यालयात ती सर्वांना ठाऊक आहे.

रनिंग स्टाफच्या घरी गणित आणखी अवघड असते. ड्यूटी आठ तासांची झाली तर मुख्यालयी सोळा तासांची विश्रांती, कमी झाली तर बारा तासांची, असा नियम. महिन्यातून तीस तासांच्या चार किंवा बावीस तासांच्या पाच सलग विश्रांती. हे तास कागदावर मोठे दिसतात. पण पहाटे चारला साइन ऑफ करून आलेला माणूस दिवसा झोपतो तेव्हा घर जागे असते. दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये बाळ रडते, कुकरची शिटी होते, शेजारी येतात. मग एकतर तो झोपत नाही आणि अर्धवट झोपेत सिग्नल बघायला पुन्हा इंजिनात चढतो; किंवा बायको बाळाला घेऊन तास न् तास बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारते. पुष्कळ घरांत दुसरेच घडते. सोळा तासांच्या विश्रांतीला तीस तासांची साप्ताहिक विश्रांती जोडून शेहेचाळीस तास द्या, ही लोको पायलटांची मागणी प्रवाशांच्या सुरक्षिततेची आहे आणि ती घरातल्या लहान मुलाचीही आहे.

८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात आठ तासांच्या कामाची मागणी अग्रभागी होती. त्या संपात कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरांतून बाहेर काढले गेले तेव्हा घरे कोणी सांभाळली, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. त्याच १९७४ साली स्वीडनने बाळाच्या संगोपनाची पगारी रजा बापालाही खुली केली. आपल्याकडे बापाच्या वाट्याला पहिले पंधरा दिवस यायला त्यानंतर तेवीस वर्षे लागली आणि त्यात तेव्हापासून एका दिवसाची भर पडलेली नाही.

आईचे एकशे ऐंशी दिवस

आता भगिनींविषयी. मातृत्व रजा कोणी खिरापत म्हणून वाटलेली नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतीविषयी विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला. केंद्रीय कर्मचारी स्त्रियांची रजा नव्वद दिवसांवरून १९९७ मध्ये १३५ दिवसांवर आणि सहाव्या वेतन आयोगानंतर १ सप्टेंबर २००८ पासून १८० दिवसांवर आली. त्याच तारखेपासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळाली. हे सर्व संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्याचे फळ आहे आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण एक साधी वजाबाकी करा. प्रसूतीच्या चार आठवडे आधी रजा सुरू केली तर बाळ जन्मल्यानंतर हाती पाच महिने उरतात. डॉक्टर म्हणतात सहा महिने केवळ आईचे दूध; रोस्टर म्हणते पाचव्या महिन्यात काउंटरवर हजर व्हा. म्हणून पुष्कळ भगिनी शेवटच्या आठवड्यापर्यंत पोट सांभाळत लोकलमध्ये उभ्या राहून कामावर येतात. पुढे बाळापाशी चार दिवस जास्त मिळावेत एवढ्यासाठी.

पाच महिन्यांचे बाळ सासूबाईंच्या हाती देऊन एक पोस्टल असिस्टंट भगिनी कामावर रुजू झाली. दुपारी बाराच्या सुमारास दूध भरून येते, पदर ओला होतो, समोर बचत बँकेची रांग उभी असते. कार्यालयात आडोसा म्हणाल तर जुन्या रेकॉर्डची खोली, कडी नसलेली. मैत्रीण दाराला पाठ लावून उभी राहते तेवढ्या वेळात दूध पिळून मोरीत टाकायचे. घरी बाळ बाटलीने गाईचे दूध पीत असते. महिनाभरात आईचे दूध आटते आणि ‘नोकरीवाल्या बायकांना दूधच येत नाही’ असा शेरा मिळतो. दूध येत होते, ते कार्यालयाच्या मोरीत गेले. दूध बाळाला मिळायला हवे होते. त्यासाठी लागणारे काय? कडी असलेली एक खोली, एक खुर्ची, एक छोटा फ्रीज आणि वीस मिनिटांची दोन वेळा मोकळीक. काउंटर यंत्रांवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च चिल्लर आहे.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी देण्याची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. तेथे दिवसातून चार वेळा आईला जाऊ द्यावे, असेही सांगितले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी आल्या आहेत. त्या संहितांविषयी आपले आक्षेप आहेत आणि ते कायम आहेत. पण जे सरकार कारखानदाराला हे बंधन घालते, त्याने आपल्या स्वतःच्या काउंटरवर, पार्सल कार्यालयात आणि आर.एम.एस.च्या सॉर्टिंग हॉलमध्ये ते पाळावयास नको काय?

येथे एक बारकावा लक्षात घ्या. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तरच पाळणाघराची सक्ती होती. म्हणजे मूल फक्त बाईचे. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी मोजले, त्यात पुरुषही आले. ज्या कार्यालयात दोनच स्त्रिया आहेत तेथेही पाळणाघराची मागणी आता ताठ मानेने करता येते, कारण मुले त्या अठ्ठेचाळीस पुरुषांचीही आहेत.

बालसंगोपन रजेचा आणखी एक प्रश्न. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ दिवस ऐंशी टक्के पगारावर, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत. पण ती एका वेळी किमान पाच दिवसांची घ्यावी लागते, आधी मंजुरी लागते आणि ती हक्क म्हणून मागता येत नाही. लस टोचल्यावर आलेला ताप दोन दिवसांत उतरतो. त्यासाठी पाच दिवस कोणती शाखा सोडणार? आणि जेथे चार काउंटरांवर दोन माणसे आहेत तेथे उरलेल्या सहकारी भगिनीच कुरकुर करतात. मग प्रशासन निवांत बसते आणि भांडण आपसांत लागते. पुरुषांपैकी ही रजा केवळ एकट्या पालकाला मिळते, तीही २०१८ पासून. बायको आजारी असलेल्या किंवा बायकोचीही नोकरी असलेल्या बापाला काहीच नाही.

जे या हिशोबात नाहीत

आतापर्यंत नियमित कर्मचाऱ्यांविषयी बोललो. ग्रामीण डाक सेवक भगिनीची गोष्ट वेगळी आहे. तिचे शाखा डाकघर पुष्कळदा तिच्या राहत्या घरातच असते. पाळण्याची दोरी पायाला बांधून ती मनिऑर्डर लिहिते आणि यंत्रावर अंगठे घेते. कमलेशचंद्र समितीने २०१६ मध्ये तिच्यासाठी सव्वीस आठवड्यांच्या मातृत्व रजेची शिफारस केली आणि २०१८ मध्ये १८० दिवसांच्या रजेचा आदेश निघाला. हे मोठे पाऊल होते. पण बालसंगोपन रजा तिला नाही. रजेवर जाताना बदली माणूस स्वतःच शोधून देण्याची जुनी रीत मनातून आणि व्यवहारातून अजून गेलेली नाही. सासऱ्यांना किंवा दिराला बसवून जायचे आणि चूक झाली तर जबाब आपण द्यायचा. नियमित कर्मचारी नाही म्हणून तिचे बाळ अनियमित ठरते काय?

ठेकेदाराकडील सफाई कामगार भगिनी तर आपल्याच फलाटावर, आपल्याच डब्यांत काम करते. तिचा विमा कर्मचारी राज्य विमा योजनेत भरला जात असेल तर तिला सव्वीस आठवड्यांचा मातृत्व लाभ मिळतो. पण मागील दोन अंशदान काळांत किमान सत्तर दिवसांचे अंशदान भरलेले हवे. ठेकेदाराने नाव भरलेच नाही, किंवा ठेका बदलताना जुनी माणसे काढली, की हा हक्क हातचा जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या खटल्यात रोजंदारीवरील स्त्रीलाही मातृत्व लाभ मिळालाच पाहिजे असा निर्णय दिला. पंचवीस वर्षे उलटून गेली. आपल्या स्टेशनावरच्या ठेक्याच्या पटावर ती नावे आहेत की नाहीत, हे पाहण्यास आपल्या शाखेला कोणी अडवले आहे?

इंजिनातल्या भगिनींचाही विचार करावा. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या, आशियातील पहिल्या महिला लोको पायलट म्हणून गाजल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाल्या. त्यांची संपूर्ण कारकीर्द सरली, तरीही बऱ्याच इंजिनांत शौचालय नाही. अंगावर पाजणारी आई दहा तासांच्या ड्यूटीवर इंजिनात काय करील, याचा विचार रोस्टर लिहिणाऱ्याने केलेला नसतो. रेल्वेने २०१६ मध्ये स्थानकांवर प्रवासी मातांना गरम दूध आणि बाळाचे अन्न देणारी ‘जननी सेवा’ सुरू केली. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये प्रयोग म्हणून बाळासाठी खास बर्थही बसविली. प्रवाशांच्या बाळांची काळजी घेतली, आनंद आहे. गाडी चालविणारीच्या बाळाकडेही कोणी बघावे.

मराठी मुलखाबाहेरचे घर

हे पान वाचणारे पुष्कळ साथी महाराष्ट्राबाहेर आहेत: इटारसीत, सिकंदराबादेत, हुबळीत, बडोद्यात, दिल्लीत. पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत. त्यामुळे बायको तीन-चार महिने गावी आणि नवरा एकटा क्वार्टरमध्ये. बाळाचा पहिला हुंकार, पहिले हसू फोनवर. ती परत येते तेव्हा आई नाही, सासू नाही, शेजारणीची भाषा वेगळी. तान्ह्या बाळाला ताप आला तर रेल्वेच्या दवाखान्यात काय सांगायचे आणि कसे सांगायचे, येथून सुरुवात. बाळंतपणानंतर काही स्त्रिया खूप उदास होतात, विनाकारण रडतात, झोप उडते, बाळाकडे पाहवत नाही. याला नखरे समजू नये. हे दुखणे आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते प्रथम ओळखणारा माणूस नवराच असतो. पण त्यासाठी तो घरी असायला हवा.

पती-पत्नी दोघेही सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी, असा केंद्राचा ३० सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. त्यातील ‘शक्यतो’ या शब्दात कित्येकांची वर्षे गेली. निदान मूल एक वर्षाचे होईपर्यंत तरी बदली करू नये आणि विनंती-बदलीच्या यादीत अशा अर्जांना वरचे स्थान द्यावे, एवढे मागणे अवास्तव नाही.

मागणे काय आणि करणे काय

या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रजेचा नियम बऱ्यापैकी झाला आहे, पण रजेवर गेलेल्याच्या जागी उभा राहणारा माणूस नाही. पूर्वी लीव्ह रिझर्व्ह आणि रेस्ट गिव्हर हे शब्द रोजच्या बोलण्यात होते. आज ती पदे एकतर रिकामी आहेत किंवा त्या माणसांना कायमच्या जागी बसविले आहे. बदली माणसाशिवाय रजा म्हणजे पाण्याशिवाय नळ. म्हणून रिक्त पदांची लढाई आणि पाळण्याची लढाई वेगळी नाही. भरतीच्या मोर्चात चालताना त्या आठ महिन्यांच्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर असू द्या.

मागण्या स्पष्ट आहेत. पितृत्व रजा पंधरा दिवसांवरून वाढवावी, ती बाळाच्या पहिल्या वर्षात केव्हाही घेता यावी आणि प्रशासनाने लांबविली तर बुडू नये. मातृत्व रजेतील प्रसूतीपूर्वीचे दिवस वेगळे धरावेत, म्हणजे बाळाचे सहा महिने पुरे होतील. बालसंगोपन रजेची पाच दिवसांची अट मूल वर्षाचे होईपर्यंत शिथिल करावी. प्रत्येक मोठ्या कार्यालयात, लॉबीत आणि वर्कशॉपमध्ये पाळणाघर व बंद दाराची खोली असावी. ग्रामीण डाक सेवक आणि ठेका कामगार भगिनींना या सर्वांत सामावून घ्यावे. हे विषय रेल्वेत पी.एन.एम.च्या आणि टपाल खात्यात नियतकालिक बैठकींच्या विषयपत्रिकेवर लेखी गेले पाहिजेत. ‘इतर विषय’ या सदरात नव्हे.

काही गोष्टी मात्र आजच हाती आहेत. पितृत्व रजेचा अर्ज प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि प्रत शाखा सचिवांकडे ठेवावी. तोंडी ‘बघू’ ऐकून परत येऊ नये. मातृत्व रजा संपताच तिला जोडून शिल्लक असलेली इतर रजा वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, हे कित्येक भगिनींना ठाऊकच नसते. ते त्यांना सांगा. मूल जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच दगावले तर २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने साठ दिवसांची विशेष मातृत्व रजा आहे. त्या दुःखात ती बाई नियम शोधीत बसणार नाही. ते काम शाखेने करावे. सहकारी बाप रजेवर गेला तर त्याची एखादी पाळी आनंदाने घ्यावी आणि तो परत आला की टोमणे मारू नयेत.

आणि घरी? रजा मिळाली तर ती झोपण्यासाठी किंवा गावच्या शेताच्या कामासाठी नाही. लंगोट बदलायला शिका, बाळाला ढेकर काढायला शिका, रात्रीचे एक जागरण आपल्या नावावर घ्या. जो माणूस काळोख्या रात्री सातशे टनांची गाडी सुखरूप नेतो, किंवा हजारो पत्रांतून नेमके पत्र निवडतो, त्याला तीन किलोचे बाळ अंघोळ घालता येणार नाही असे कोण म्हणेल?

सभेनंतर तो तरुण साथी प्लॅटफॉर्मच्या टोकाला भेटला. आता काय करणार असे विचारल्यावर म्हणाला, “आता ती रडली तरी तिथेच बसतो. हातातला खुळखुळा वाजवतो. मागच्या रविवारी दहा मिनिटांनी जवळ आली.” पुढच्या रविवारी त्याची ड्यूटी आहे. त्याच्या जागी माणूस उपलब्ध व्हावा, एवढे काम आपल्या सर्वांचे आहे.